खतीब सर आणि खाडीतलं जनावर

खतीब सर वर्गात शिकवता शिकवता मधेच थांबत. फळ्यावर हृदयाची आकृती काढायची, चार कप्पे दाखवायचे आणि मग खडू खाली ठेवून सांगायचं, "हे पुस्तकात दिलंय. बोकडाचं हृदय मी कापून बघितलंय, त्याला चार आहेत. माणसाचं मी बघितलेलं नाही." मुलं तेवढंही वहीत उतरवत. एकदा एक पालक ऑफिसात आले आणि त्यांनी पोराची उत्तरपत्रिका माझ्या टेबलावर आपटली. पोराने लिहिलं होतं, "मानवी हृदयाला चार कप्पे असतात असे पुस्तक म्हणते. सरांनी पाहिलेले नाही."

मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते, अजून आहे. पगारपत्रकं, दाखले, रजेचे अर्ज आणि अशा पालकांना चहा पाजून परत पाठवणं ही माझी कामं. प्राण्यांतले मला मासे तेवढे कळतात, तेही कालवणातले. त्यामुळे मालवणच्या किनाऱ्यावरच्या आमच्या लहानशा गावात विज्ञान शिकवणाऱ्या माणसाबद्दल मी लिहावं हे जरा विचित्रच आहे. पण त्यांनी आयुष्यभर जिचा विचार केला ती मुंबईची फेरी शेवटी मी आखली, आणि तिथे काय झालं ते मी स्वतः बघितलं. सर गेल्याला आता दोन पावसाळे झाले. मागे राहिलेल्यांच्या तोंडून गोष्टी वाढत जातात, त्याआधी लिहून टाकलेली बरी.

सरांच्या मते माहिती तीन जातींची असते. बघितलेली, बघणाऱ्याकडून ऐकलेली आणि पुस्तकातली. तिन्ही शिकवायच्या, पण एकीत दुसरी मिसळायची नाही. "दुधात पाणी घालून विकायला माझी हरकत नाही," ते म्हणत, "फक्त घातलंय म्हणून सांगा." मुलांना हे फार आवडलं आणि त्यांनी ते भलतीकडे वापरायला सुरुवात केली. इतिहासाचे परब सर पानिपत रंगवून सांगत होते, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, तुमी बघलेलां?" परब सर तसेच तरातरा स्टाफरूममध्ये आले.

"खतीब, तुझी पोरं आवर."

"पोरग्यान विचारलां तां बरोबर," सर शांतपणे म्हणाले. "तू काय उत्तर दिलंस?"

दिसायला सर उंच, किडकिडीत, खांदे पुढे आलेले. शर्टाचा खिसा कायम लोंबत असायचा, कारण त्यात पेनाबरोबर एक भिंग, दोनचार शिंपले आणि कसलंतरी बी असायचं. सायकल होती, पण ती ते चालवत कमी आणि सोबत नेत जास्त. काही सुचलं की उतरायचं, आणि त्यांना सारखं काहीतरी सुचे. बाजारात मासे घ्यायला गेले की प्रत्येक माशाचे कल्ले उघडून बघायचे, मासेवालीला विचारायचं कुठे मिळाला, किती खोल पाण्यात, आणि इतकं होईपर्यंत चांगले मासे दुसरेच घेऊन जायचे. त्यांच्या बायको, रुकय्याभाभी, म्हणत, "ह्येंच्या हातात बाजाराची पिशवी दिली काय आमच्याकडे डाळ."

खतीबांचं घर पूर्वी गलबतांच्या धंद्यातलं. नारळ, कौलं, सुकी मासळी असा माल किनाऱ्याने वर-खाली जाई. आता धाकट्या भावाचं बाजारात हार्डवेअरचं दुकान आहे. सर एकटे मास्तर झाले आणि ते बरंच झालं. गिऱ्हाईकाने "हा खिळा गंजत नाही ना?" असं विचारलं असतं, तर सर म्हणाले असते, "अजून वर्षभर थांबा, बघून सांगतो."

अशा माणसाने, ज्याने बघितल्याशिवाय कधी काही ठासून सांगितलं नाही, एकदा असं काही बघितलं की त्याचं नाव त्याला माहीत नव्हतं. आणि ते दुसऱ्या कुणीही बघितलं नव्हतं.

नोकरीत ते तेव्हा नवेच होते. सकाळची ओहोटी, खाडीच्या तोंडाशी खडकांवर कालवं बघायला गेले होते. उकिडवे बसलेले असताना समोर दोन होड्यांच्या अंतरावर पाण्यातून काहीतरी वर आलं. आधी पाठ दिसली, राखाडी आणि गुळगुळीत, वर माशासारखा पर नाही. मग डोकं. नाकपुड्या झडपेसारख्या उघडल्या, हुस्स करून श्वास सुटला, आणि ते जनावर मान वळवून सरांकडे बघत राहिलं. सर हलले नाहीत. मग ते जसं आलं तसं खाली गेलं.

सर तिथून सरळ धक्क्यावरच्या दाजीच्या हॉटेलात गेले. हॉटेल म्हणजे दोन बाकडी, एक स्टो आणि भज्यांची परात. दाजी सरांच्याच वयाचा, शाळेत एका बाकावर बसलेला. सरांनी जे होतं ते सांगितलं.

"मासो न्हय," ते म्हणाले. "डॉल्फिन मी बघलंय, डॉल्फिनय न्हय. काय तां माका माहीत नाय. पण गायीसारखां बघी होतां."

दाजीने भज्यांचा झारा तसाच हवेत धरला. "मगे दाव्यान बांधून हाडूक व्हयी होतां रे मास्तरा! पावशेर दूध तरी गावला असतां."

झालं. त्या दिवसापासून सर गायमास्तर झाले. दाजी समोरून हाक मारी, बाकीचे मागून. एका शिमग्याला सोंगात गोणपाटाची गाय निघाली, तिच्या पाठीवर एक पोरगा भिंग घेऊन बसलेला. सर गर्दीत उभे राहून ती शेवटपर्यंत बघत होते. सोंग संपल्यावर करणाऱ्यांना म्हणाले, "बरां केलांत. पण शेपूट कशावरून केलांत? शेपूट मी बघूकच नाय." चिडवणाऱ्यांची पंचाईत होत असे ती अशी.

पुढे केव्हातरी त्यांना मालवणच्या वाचनालयात एका जाडजूड कोशात ड्युगाँगचं चित्र सापडलं. समुद्रगाय. खाडीत, उथळ पाण्यात समुद्री गवत खाणारं मोठं जनावर. मुख्याध्यापक म्हणाले, मिटलं, सापडली तुमची गाय. सर म्हणाले, "चित्र माझ्या अंगठ्याएवढं आहे. मी बघितलेलं जनावर होडीच्या निम्म्याएवढं. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय कसं बोलू?" नंतर मोबाईल आले आणि मुलांनी व्हिडिओ आणून दाखवले. सरांनी ते आवडीने बघितले, पुन्हा पुन्हा बघितले, आणि मोबाईल परत करताना म्हणाले की हे निळं स्वच्छ पाणी, वरून काढलेलं चित्र. आमच्या गढूळ खाडीत, खडकावर बसलेल्या माणसाला त्यातलं केवढं आणि कसं दिसेल, ते यावरून कळत नाही. त्यासाठी बाजूला उभं राहायला पाहिजे.

दरवर्षी आठवीचा नवा वर्ग सरांना विचारी, "सर, तुम्ही समुद्रगाय बघितलीत ना?" आणि दरवर्षी सर सांगत, "मी काहीतरी बघितलंय. त्याचं नाव मला अजून कळलेलं नाही." रुकय्याभाभी मला एकदा म्हणाल्या, "लोकांच्या सवती घरात असतत गो, माझी खाडीत आसा."

मुंबईच्या एका मोठ्या वस्तुसंग्रहालयात प्राण्यांचं दालन आहे हे सरांना माहीत होतं. तिथे समुद्रगाय आहे का, एवढं हवं होतं. गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले की सर एकेकाला गाठून विचारत. कुणी वीस वर्षं तिथे, कुणी जन्मापासून, पण त्या इमारतीवरून बस जाते यापलीकडे कुणालाच काही सांगता येईना. शेवटी माझ्या मुंबईतल्या दिराला मी दम दिला. सरांच्या पाटीतला हापूस दरवर्षी फुकट खातोस, एक दिवस जाऊन बघून ये. तो गेला आणि पुढच्या गणपतीत त्याने अहवाल दिला.

"आहे काहीतरी. काचेच्या मोठ्या पेटीत. गोणपाटाला मिशा फुटल्यासारखं दिसतं."

"पाटीवर काय लिहिलंय?"

"समुद्रगाय."

सर खुर्चीवरून उठलेच. दिराचा हात दोन्ही हातांत धरून त्यांनी इतका वेळ हलवला की त्याला वाटलं आता आंब्यांबरोबर फणसही मिळणार.

सर मुंबईला कधी गेले नव्हते असं नाही. पण जात ते दुसऱ्याच्या कामाला. एकदा भाच्याचं लग्न होतं, एकदा सासऱ्यांचं ऑपरेशन. एकदा अगदी संग्रहालयाच्या फाटकापर्यंत पोचले, तर प्राण्यांच्या दालनाची दुरुस्ती चाललेली. घरी आल्यावर त्यांनी मला तिथल्या फाटकाचं वर्णन सांगितलं. चांगलं होतं म्हणाले.

निवृत्तीला काही महिने उरले तेव्हा ते ऑफिसात आले, टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "राणेबाई, यंदाच्या आठवीला तरी नाव सांगून जावं असं वाटतं."

हे मात्र मला सोडवता येण्यासारखं होतं. त्याच वर्षी आमच्या गावाची गावपळण येणार होती.

गावपळण म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडे दर काही वर्षांनी मार्गशीर्षात अख्खा गाव तीन दिवस रिकामा करतात. ग्रामदेवतेला कौल लावायचा, देवाने होकार दिला की नौबत वाजते आणि सगळी माणसं घरांना कुलपं लावून वेशीबाहेर जातात. तिथे झावळ्यांच्या झोपड्या घालून राहायचं. माणसंच नाहीत, गुरं, कुत्री, कोंबड्यासुद्धा न्यायच्या. मागे कुणी राहता कामा नये. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळे जातात. बाहेरगावच्या कुणीतरी सरांना विचारलं होतं, "तुम्ही का जाता?" सर म्हणाले, "गावाक तीन दिवस एकटां रवाचा आसा. मी मधी बसान काय करू?"

शाळा तेव्हा बंदच. घराबाहेर राहणं भागच. मग वेशीबाहेर डास मारत बसण्याऐवजी मुंबईला जाऊन यायला काय हरकत आहे? मी हे सांगितलं तेव्हा सरांनी भिंतीवरचं कॅलेंडर मार्गशीर्षापर्यंत उलटून बघितलं. मग म्हणाले, "बाई, तुम्ही विज्ञान घ्यायला हवं होतंत."

एकच अडचण होती. निघायचा दिवस देव सांगणार, आणि परत गावात शिरायचा दिवसही चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावूनच कळणार. मी कणकवलीच्या एका गाडीवाल्याला फोन केला.

"तारीख?"

"देव सांगेल तेव्हा कळवते."

"आणि परत कधी?"

"ते पण देवच सांगेल."

"बाई," तो म्हणाला, "अशी गाडी बुक होत नाय."

मग मी संग्रहालयात फोन लावून आठवड्याची सुट्टी कधी असते ते विचारलं. पलीकडची मुलगी विनयाने म्हणाली, आपण कोणत्या तारखेला येताय? मी खरं ते सांगितलं. तिने फोन तिच्या साहेबांना दिला.

गाडी मी चार माणसांपुरती ठरवणार होते. सर, भाभी, मी आणि माझी बहीण. पण गावात गोष्ट फुटली. एवीतेवी घराबाहेरच पडायचंय तर मुंबईच बघू, असं एकाला वाटलं, मग दुसऱ्याला. दाजीने तर हॉटेलातून जाहीरच केलं, "मास्तराच्या गायीक बघूक आमी सगळे येतंव. आज इतकी वर्सां तिच्या नावान चाय विकलंय, तोंड नको बघूक?" लोक पैजा लावायला लागले. सर होय म्हणणार यावर सगळ्यांचीच पैज, नाही म्हणणार यावर लावायला कुणी मिळेना, म्हणून ती बारगळली.

एवढी माणसं झाल्यावर तोच गाडीवाला देव सांगेल त्या तारखेला मिनीबस द्यायला तयार झाला. नौबत वाजली त्या दिवशी कुलपं लावून आम्ही वेशीवर गाडीत बसलो. मी माणसं मोजून घेत होते, तेवढ्यात दाजी झाकलेली टोपली मांडीवर घेऊन चढला.

"ह्यां काय दाजीनू?"

"कोंबडी. अंड्यार बसली हा."

"मुंबईक?"

"मगे खंय ठेवू? गावात ठेवूची नाय. वेशीर ठेवलंय तर कुत्रे खातले. खुडूक कोंबडी आसा, उठवली तर अंडी वाया जातली."

 नियम नियम आहे. कोंबडी मुंबईला आली. सरांनी वाटेत चहाला थांबल्यावर टोपलीचं झाकण किंचित उचलून तिची विचारपूस केली. गाडी चालू असताना ती अंडी फिरवते का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

संग्रहालयाच्या दारावरच्या शिपायाने टोपली उघडायला लावली आणि तो दोन पावलं मागे सरला.

"जिवंत प्राणी आत नेता येणार नाही."

"मगे मेलेले चलतत?" दाजीने विचारलं.

"आत सगळे मेलेलेच आहेत, काका."

"तर हिका एकटीक बाहेर बरां वाटात," असं म्हणून दाजीने टोपली सामान ठेवायच्या खिडकीत सरकवली. तिथल्या बाईने बिल्ला देताना विचारलं, आत काय आहे. दाजी म्हणाला, नाजूक वस्तू.

आत डांबरगोळ्यांचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. दुतर्फा काचेची कपाटं, पक्षी, साप, एक गेंडा. आमची माणसं प्रत्येक कपाटापाशी थांबून, ह्यो आमच्या परड्यात येता, ह्येका आमी मारलो होतो, असं एकमेकांना सांगत होती. सर कुठेच थांबले नाहीत. असं मी त्यांना आयुष्यात एकदाच बघितलं. ते लांब ढांगा टाकत सरळ शेवटच्या भिंतीकडे गेले, आणि बाकीचेही मग रेंगाळणं सोडून मागोमाग गेले.

दिराचं वर्णन बरोबर होतं. मिशा फुटलेलं गोणपाट. पोटाला शिवण दिसत होती, वरून तपकिरी रंग दिलेला, दोन ठिकाणी पोपडे निघालेले. पण मोठं होतं. काचेआड लाकडी चौथऱ्यावर ठेवलेलं, खाली वळलेलं जाड तोंड आमच्याकडे. सगळे सरांकडे बघू लागले. दाजीसुद्धा.

सरांनी चष्मा पुसला. मग ते मागे मागे सरकत दालनाच्या मध्यापर्यंत गेले, आम्हाला बाजूला केलं आणि फरशीवर उकिडवे बसले. आधी मला कळेना. मग लक्षात आलं, खडक आणि पाणी यांत जेवढं अंतर होतं तेवढं ते घेत होते. शाळेची एक सहल आली होती, तिच्या मुली त्यांना वळसा घालून गेल्या. सर बसूनच राहिले. मग उठून जवळ गेले, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, काचेला नाक लावलं. शिपाई म्हणाला, काचेला हात लावू नका. सर म्हणाले, "हात नाही लावला, नाक लावलंय."

मग ते आमच्याकडे वळले.

"न्हय," ते म्हणाले.

"काय न्हय?" दाजी म्हणाला.

"मी बघलंय तां ह्यां न्हय."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण सर चेष्टा कधी करत नसत. ते समजावून सांगू लागले, अगदी वर्गात सांगावं तसं. पाठ अशीच होती. पर नव्हता, याला नाही. नाकपुड्या जवळपास अशाच. पण डोळे बघा. याचे वालाच्या दाण्याएवढे आहेत. त्या जनावराचे मोठे होते, काळे, ओले. ते माझ्याकडे बघत होतं म्हणून तर मी गायीसारखं म्हटलं. तोंडाबद्दल मी कधी बोललोच नाही. आणि त्याने मान वळवली होती. याला मान कुठे आहे?

"भरताना गेली असात मान," दाजी म्हणाला. "डोळे काचेचे लायतत, लहान लायले असतीत."

"असात. पण तां माका माहीत नाय."

"अरे मगे होय म्हण!" दाजीचा आवाज चढला तसा शिपाई पुन्हा वळून बघू लागला. "इतकी वर्सां तुका गायमास्तर म्हणतंय. आज तू फक्त होय म्हण, आनि मी सगळ्यांसमोर कान धरतंय. कोंबडी घेवन इलंय मी मेल्या, तुज्या गायीसाठी!"

बाकीचेही बोलू लागले. कुणी म्हणालं, सर, एवढं सारखं दिसतंय, चालवून घ्या. कुणी म्हणालं, पाटीवर समुद्रगाय लिहिलेलं आहे, आणखी काय हवं. भाभींनी पदर चेहऱ्यावर ओढला होता आणि त्या सरांकडे बघत होत्या. मीही मधे पडले. मी काम संपवणारी बाई आहे.

"सर," मी म्हटलं, "तिथे दुसरं कुणी नव्हतं. तुम्ही म्हणाल ते खरं. निवृत्त होताना आठवीला एक नाव सांगायचं होतं ना तुम्हाला? हे घ्या नाव."

सर माझ्याकडे जरा आश्चर्याने बघत राहिले, जणू मी त्यांना पगारपत्रकात खोटी सही करायला सांगितली होती.

"दुसरं कुणी नव्हतं म्हणूनच तर, बाई," ते म्हणाले. "मीच जर चुकीचं सांगितलं, तर बरोबर सांगायला कुणीच उरत नाही."

 लोक हळूहळू वाघाकडे सरकले, वाघ चांगला होता. मला वाटलं, सर आता खचतील, त्यांना कुठेतरी बसवून पाणी द्यावं. पाणी घेऊन आले तर ते काचेसमोर पुन्हा उकिडवे बसलेले, चेहरा उजळलेला.

"बाई, मग ते काय होतं?" त्यांनी मला विचारलं. जसं काही मला माहीत होतं.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. दाजी टोपली मांडीवर घेऊन खिडकीतून बाहेर बघत होता. महामार्गावर चहाला थांबलो तेव्हा तो कप घेऊन सरांच्या बाकड्यावर जाऊन बसला.

"खतीबा," तो म्हणाला. गायमास्तर नाही म्हणाला. "डोळे केवढे होते?"

सरांनी अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं. "बैलाच्यापेक्षा जरा लहान."

"आनि मान खंयच्या बाजूक वळवल्यान?"

"माज्या डाव्या हाताक. समुद्राकडसून माझ्याकडे."

दाजीने चहा संपवला, कप खाली ठेवला आणि आमच्याकडे वळून, कुणी काही विचारलेलं नसताना, म्हणाला, "खोटां बोलूचा असतां तर मेलो आजच बोललो असतो."

मग सगळेच विचारू लागले. श्वासाचा आवाज कसा होता, किती वेळ वर होतं, पाठ ओली म्हणून राखाडी दिसली की मुळातच राखाडी. इतकी वर्षं जे कुणी एकदाही विचारलं नव्हतं, ते गाडी गावच्या वेशीवर येईपर्यंत विचारून झालं. सरांनी जेवढं बघितलं होतं तेवढंच सांगितलं. कौल मिळाल्याचं वेशीवर कळलं आणि आम्ही कुलपं उघडून घरात गेलो. दाजीची अंडी प्रवासात बिघडली. त्याचं खापर त्याने सरांवर फोडलं आणि सरांनी ते मान्य केलं.

आठवीला सरांनी काय सांगितलं ते मी खिडकीतून ऐकलं. "समुद्रगाय मी आता बघितली आहे. भरलेली, काचेआड. खाडीत बघितलं ते दुसरं काहीतरी होतं." एका मुलीने विचारलं, दुसरं म्हणजे काय? सर म्हणाले, "तुम्ही मोठे व्हाल तेव्हा मला येऊन सांगा." मार्चमध्ये ते निवृत्त झाले. निरोप समारंभात परब सरांनी भाषण केलं आणि त्यात गायीचा उल्लेख केला नाही.

निवृत्तीनंतर सर रोज ओहोटी बघून खाडीवर जाऊ लागले. रापणीवाले सरांना जाळ्यात आलेलं काहीही वेगळं दाखवायला थांबत. पोरं लांबून ओरडत येत, सर, थंय काळां काय तरी आसा, आणि बहुतेक वेळा ते ओंडका असे. सर तो ओंडकाही बघून येत. दाजीने हॉटेल मुलाच्या स्वाधीन केलं आणि तोही त्यांच्याबरोबर बसायला लागला. दोघांचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, की ते जनावर परत येईल तर भरतीला की ओहोटीला.

सरांना मी शेवटचं बघितलं ते असंच. श्रावण संपत आला होता, ऊन पडलं होतं. मी पंचायतीत काम उरकून स्कूटरवरून परत येत होते. खडकावर दोघे बसलेले, सर पुढे वाकून, दाजी छत्री मिटून गुडघ्यांत धरून. सरांची तब्येत बरी नाही असं भाभींनी सांगितलं होतं, म्हणून मी स्कूटर लावून खाली उतरले आणि त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

"काय सर, बरं आहे ना? दिसलां काय?"

त्यांनी मान वळवली नाही. हाताने मला फक्त बाजूला सरायची खूण केली.

"बाई, जरा हंयसून बाजूक व्हा. पाण्यार सावळी पडता."